कपाटामागचं रान

गणपतीला सहा दिवस उरले होते. मुलगा-सून ठाण्याहून आली आणि मे महिन्यापासून बंद असलेली पश्चिमेची खोली उघडली. दार ढकललं आणि तो वास आला. ज्याचं कोकणात घर आहे त्याला तो वेगळा सांगायला नको. ओलं गोणपाट, जुन्या वह्या आणि तळघरातली माती एकत्र कोंडून ठेवावी तसा कुबट वास. आमच्या हिने लगेच धूप घातला. सूनबाईंनी गादी दणादण झटकली. मुलाने पंखा पाचावर सोडला. घरोघरी हेच करतात, आणि करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो.

रात्री दोनच्या सुमाराला चिऊ शिंकायला लागली. नऊ वर्षांची माझी नात. ओळीने अकरा शिंका मी मोजल्या. डोळे लाल, नाकातलं पाणी थांबेना, आणि मग छातीतून ती बारीक शिट्टी, मांजराचं पिल्लू घुरघुरावं तशी. ठाण्याच्या डॉक्टरांनी दिलेला पंप सूनबाईंनी सोबत आणला होता म्हणून निभावलं. पंप घेतल्यावर श्वास मोकळा झाला. मी तिला उचलून माजघरात आणलं, तिथे ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: ठाण्यात बरी असणारी पोर इथे एका रात्रीत अशी का झाली?

सकाळी चहाच्या वेळी तिने विचारलं, "आजोबा, मला सर्दी झाली का?"

"सर्दी नाही गं. तुझी रात्री कुणाशी तरी गाठ पडली. बघायचंय कोणाशी?"

आजीने दोन दिवसांपूर्वी पावाचा एक तुकडा काचेच्या बरणीत ठेवून दिला होता आणि विसरली होती. झाकण घट्ट होतं. ते तसंच ठेवून मी बरणी उजेडात धरली आणि चिऊच्या हातात माझं भिंग दिलं. ज्याला बुरशीचा त्रास आहे त्याने बुरशी बघायची ती अशी, बंद काचेआडून.

"आजोबा, कापूस आहे!"

"नीट बघ. कापसाच्या टोकांना काय आहे?"

ती बराच वेळ बघत राहिली. "काळे काळे मणी. प्रत्येक केसाच्या टोकाला एक."

त्या एकेका मण्यात हजारो बीजं असतात. त्यांना बीजाणू म्हणतात. मणी फुटला की ती हवेत सुटतात. काही जातींना फुटायचीही गरज नसते, झुळूक आली तरी पुरे. भिंतीवरच्या आणि कपड्यावरच्या बऱ्याच बुरशींचा एक बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचा असतो. चिऊच्या वेणीतला एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे त्या केसाच्या रुंदीवर पंधरा-वीस बीजाणू शेजारी शेजारी आरामात बसतील. एवढी हलकी वस्तू खाली पडायचं नाव घेत नाही. पंख्याच्या वाऱ्यावर ती तासन् तास तरंगते. माणूस दिवसाला दहा हजार लिटरच्या वर हवा आत घेतो, त्या हवेबरोबर ती नाकात शिरते, आणि सगळ्यात बारीक असेल ती थेट फुफ्फुसाच्या फांद्यांपर्यंत पोचते. काल संध्याकाळी आम्ही गादी झटकली तेव्हा आम्ही नेमकं हेच केलं होतं. जे खाली बसलं होतं ते सगळं उडवून पोरीच्या उशाशी आणून ठेवलं.

"पण हे झाड आहे की किडा?" चिऊने विचारलं.

प्रश्न मोठा होता. माणसाने या कापसाचं पहिलं नीट चित्र काढलं ते 1665 साली. लंडनच्या रॉबर्ट हूकने आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली एका छोट्या पुस्तकाचं चामड्याचं आवरण ठेवलं. त्यावर पांढरे-निळे ठिपके आले होते, आपल्या पट्ट्यावर, चपलेवर येतात तसेच. हूकला त्या ठिपक्यात देठ दिसले आणि देठांवर गोंडे दिसले, आणि त्याने ते आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात काढून ठेवले. पुढे कितीतरी काळ लोक बुरशीला झाडाच्याच जातीत धरत होते. ती झाड नाही. तिच्यात हिरवा रंग नाही, उन्हातून अन्न करायची कला तिला येत नाही. आणि तिच्या पेशीची भिंत ज्या पदार्थाची असते तो ऐकून चिऊने डोळेच मोठे केले. खेकड्याचं आणि कोळंबीचं कवच ज्या कायटिनचं बनतं, त्याच कायटिनची. वंशावळ काढली तर बुरशी आंब्याच्या झाडापेक्षा आपल्याला जास्त जवळची आहे.

आणि तिची जेवायची रीत बघा. आपण घास आत घेतो आणि मग पचवतो. बुरशीला तोंडच नाही. ती आपला पाचक रस बाहेर ओतते, लाकूड, कागद, चामडं, सुती कापड, भाकरी, जे पायाखाली असेल ते बाहेरच्या बाहेर विरघळवते, आणि मग तो काढा शोषून घेते. तिला ताट लागत नाही, तिला लागतं ते पाणी. पाण्याशिवाय तो रस वाहणार कुठून? ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचंच काम आहे.

आजी शेजारी बसून कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, "म्हणूनच लोणच्यावर तेल बोटभर वर असावं लागतं." अगदी खरं. मीठ फोडींतलं पाणी बांधून ठेवतं, तेल वरून हवा अडवतं, आणि बुरशीला जगण्यापुरतं मोकळं पाणी उरत नाही. मे महिन्यातलं वाळवणही त्याचसाठी. पापड, कुरडया, आमसुलं, सुके मासे कडकडीत होईपर्यंत उन्हात घालायचे, म्हणजे श्रावणात बुरशीला उपास. आपल्या आज्या-पणज्यांनी बुरशी मारायचं औषध कधी शोधलं नाही. त्यांनी तिचं पाणी तोडलं. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं.

पुढची गोष्ट इटलीची. फ्लॉरेन्स शहरात पिएत्रो आंतोनिओ मिकेली नावाचा वनस्पतींचा अभ्यासक होता. त्या काळी लोकांना वाटायचं की कुजक्या पदार्थातून बुरशी आपोआप उपजते. मिकेलीला ते पटेना. त्याने खरबुजाच्या फोडी घेतल्या, एका बुरशीची पूड ब्रशने त्यांवर लावली आणि वाट बघितली. ज्या जातीची पूड लावली होती त्याच जातीची बुरशी उगवली. म्हणजे ही पूड म्हणजे बी! 1729 साली त्याने हे छापलं. एका बुरशीच्या टोकाचा गोंडा त्याला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या दांडीसारखा दिसला, म्हणून त्या दांडीच्याच नावावरून त्याने तिला ॲस्परजिलस म्हटलं. आजही डॉक्टर तिला त्याच नावाने ओळखतात.

ती ॲस्परजिलस चिऊने रोज बघितलेली आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. मी परडीतला एक कांदा उचलला. वरच्या सालीखाली काजळी फासल्यासारखे काळे पट्टे होते, बोट लावलं तर बोट काळं व्हावं असे. लासलगावच्या बाजारात आलेल्या कांद्यापासून आपल्या ओट्यावरच्या कांद्यापर्यंत ही काळी पूड सगळीकडे असते. ती ॲस्परजिलस नायजर किंवा तिची सख्खी बहीण. ज्याला दम्याचा त्रास आहे त्याने असा कांदा कोरडा सोलू नये, नळाखाली धरून सोलावा आणि सालं लगेच बाहेर टाकावी. पण तिचा राग मात्र धरू नका. ढोकळ्यात आणि सरबतात जे लिंबूसत्त्व पडतं, ते सायट्रिक ॲसिड आज कारखान्यात लिंबं पिळून काढत नाहीत, याच काळ्या बुरशीला साखरेचं पाणी पाजून तिच्याकडून करून घेतात. जेम्स करी नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1917 साली ही रीत दाखवली. "म्हणजे कांद्यावरची काजळी सरबतात?" चिऊला हे इतकं आवडलं की तिने ते दिवसभर येईल त्या प्रत्येकाला सांगितलं.

मग तिने खरा प्रश्न विचारला. "सगळेच श्वास घेतात. आई, बाबा, तुम्ही. मलाच का शिंका?"

आमच्याकडे आंब्याच्या बागेत राखणदार ठेवतात. वानरांची टोळी आली की तो फटाका लावतो, ओरडतो, गोफण फिरवतो. चांगला राखणदार पानं सळसळली म्हणून उठत नाही. वारा कुठला आणि वानर कुठलं, हे त्याला कळतं. आपल्या शरीरातही असे राखणदार आहेत, नाकाच्या अस्तरात, डोळ्यांत, श्वासनळीत. काहींच्या शरीरात त्यांचा एकदा गैरसमज होतो. बुरशीचा निरुपद्रवी बीजाणू येतो आणि राखणदार त्याला वानर समजतो. शरीर त्या बीजाणूचं चित्र मनाशी पक्कं करतं आणि त्याला धरायला एक खास प्रतिद्रव्य तयार करतं, आयजीई. ते राखणदारांच्या अंगावर जाऊन बसतं. पुढच्या वेळी तोच बीजाणू दिसला की विचार न करता सगळे फटाके एकदम. त्या फटाक्यांची दारू म्हणजे हिस्टामिन. त्याने नाक सुजतं, पाणी सुटतं, डोळे चुरचुरतात, आणि श्वासनळीचे स्नायू आवळले की छातीत शिट्टी वाजते. बागेत वानर नाहीच, सगळा गोंधळ राखणदाराचा. या गैरसमजाला क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरने 1906 साली 'ॲलर्जी' हे नाव दिलं. असा राखणदार मिळायचा कल आई-वडिलांकडून येतो. चिऊच्या बाबाला लहानपणी दमा होता, तो तिने घेतला. यात तिची चूक काही नाही. "थंड खाल्लंस म्हणून" असं पोरांना रागावणाऱ्या मोठ्या माणसांना हे मी मुद्दाम सांगतो.

बीजाणूंवर पहिला संशय घेणाऱ्या एका डॉक्टरची गोष्ट फार धाडसाची आहे. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली स्वतः दर उन्हाळ्यात शिंकून हैराण व्हायचे. कशामुळे, हे कळावं म्हणून ते एकेक संशयित पदार्थ स्वतःच हुंगून बघत. गवताचा पराग हाच आपला मुख्य गुन्हेगार हे त्यांनी सिद्ध केलं, आणि पराग किती उंचावर असतो ते मोजायला चिकट काचा पतंगाला बांधून उडवल्या. पण त्यांनी ओल्या पेंढ्यावर बुरशीही वाढवली आणि तिची पूड श्वासावाटे आत घेतली. आवाज बसत बसत पूर्ण बंद झाला, दोन दिवस तोंडातून शब्द फुटेना, आणि वर छातीत कफ दाटून ते जवळजवळ कामावर जायच्या लायकीचे राहिले नाहीत. 1873 च्या पुस्तकात त्यांनी हे सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

आता या गोष्टीतला सगळ्यात गोड भाग. तो सांगताना मला आजही काटा येतो.

हॉलंड हा सखल, पाणथळ देश. तिथल्या लायडन शहरात श्टॉर्म फान लेउवन नावाचे डॉक्टर होते. ओलसर घरात राहणाऱ्या दमेकऱ्यांचा दमा त्या घराच्या हवेतूनच येतो, त्यात बुरशी असते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी शुद्ध हवा खेळवलेल्या खास खोल्या बांधून रुग्णांना त्यात ठेवलं आणि कित्येकांचा दमा उतरला. ही गोष्ट लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलातल्या डॉक्टर जॉन फ्रीमनच्या कानावर गेली. याच हॉस्पिटलात 1911 साली लेनर्ड नून आणि फ्रीमन यांनी गवताच्या परागाची अगदी थोडी थोडी मात्रा टोचून राखणदाराचा गैरसमज हळूहळू दूर करायची रीत सुरू केली होती. आज आपण तिला ॲलर्जीची इंजेक्शनं म्हणतो. फ्रीमनला वाटलं, बुरशीचंही तसंच करू. त्यासाठी बुरशी हवी. मग त्याने ला टूश नावाचा बुरशीतज्ज्ञ आणला. ला टूशचं काम काय, तर दमेकऱ्यांच्या घरातली बुरशी गोळा करायची आणि आपल्या प्रयोगशाळेत वाढवायची. खोली साधी. बीजाणू अडवायची सोय नाही. ते दाराबाहेर, जिन्यात, वरच्या मजल्यावर मोकळे फिरत होते.

वरच्या मजल्यावर अलेक्झांडर फ्लेमिंग जंतू वाढवत होते. 1928 चा सप्टेंबर. सुट्टीहून परतल्यावर त्यांना एका बशीत बुरशीचा गोळा आला आहे असं दिसलं, आणि त्या गोळ्याभोवतीचे जंतू मेलेले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, ते पेनिसिलिन. पण ती बुरशी आली कुठून? फ्लेमिंगच्याच विभागात काम केलेल्या रोनाल्ड हेअर यांनी या घटनेचा नंतर बारकाईने छडा लावला, आणि त्यांना सगळ्यात शक्य वाटलेलं उत्तर असं, की ती खालच्या मजल्यावरून, ला टूशच्या खोलीतून वर आली. विचार करा. कुणा दमेकऱ्याच्या ओलसर घराचा शोध घेताना जमलेली बुरशी जिना चढून वर गेली, आणि पुढे तिच्यामुळे सापडलेल्या औषधाने लाखो माणसं वाचली. चिऊला मी म्हटलं, "तुझ्यासारख्या शिंकणाऱ्या माणसांचा यात वाटा आहे बरं." ती काही बोलली नाही, पण बरणी तिने जरा जवळ ओढली.

इथे एक भीती काढून टाकतो. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोचला. तो म्युकरमायकोसिस होता. ते नाव बुरशीच्या रंगावरून पडलेलं नाही. तिने मारलेला शरीराचा भाग काळा पडतो, म्हणून ते नाव. अनियंत्रित मधुमेह, स्टिरॉइडचे जास्त डोस, ढासळलेली प्रतिकारशक्ती असेल तिथे ती शरीरात शिरते. तो संसर्ग. भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांनी येणाऱ्या शिंका ही ॲलर्जी. भिंतीवर काळं दिसलं म्हणून घाबरून जाऊ नये, आणि शिंका म्हणजे काहीच नाही असं समजून सोडूनही देऊ नये.

दुपारी पाऊस उघडला तेव्हा मी आणि मुलगा पश्चिमेच्या खोलीत गेलो. चिऊला ओटीवर ठेवलं, दार लावून घेतलं, तोंडाला एन-95 मास्क आणि हातात मोजे घातले. भिंती समोरून स्वच्छ, दोन वर्षांपूर्वी दिलेल्या रंगाने चकचकीत. मग तो वास कुठून? वास येतो म्हणजे बुरशी जिवंत आहे आणि जेवते आहे. ती डोळ्याला दिसत नसेल तर ती मागे आहे. आम्ही दोघांनी मिळून प्लायवूडचं मोठं कपाट पुढे ओढलं.

भिंतीवर रान होतं. हिरवट काळे गोल, एकात एक मिसळलेले, कमरेएवढ्या उंचीपर्यंत. मध्ये रंगाचे फुगे आलेले. एक फुगा मी नखाने टोचला तर आतून पाण्याचा थेंब ओघळला. कपाटाच्या पाठीला पांढरा भुरा. प्लायवूड म्हणजे लाकूडच, बुरशीला याहून मोठी मेजवानी नाही.

मी बाहेर जाऊन भिंत बघितली. आमचं घर चिऱ्याचं. चिरा पाणी पितो. आमच्या वडिलांच्या वेळी या भिंतीला आतून चुना होता. ताजा चुना बुरशीला सोसत नाही, आणि चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडायला वाट असते. शिवाय मृगाआधी पश्चिमेच्या अंगाला नारळाची झापं बांधायची, म्हणजे झड भिंतीला लागायची नाही. आम्ही चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला, वर प्लास्टिक पेंट दिला, आणि झापं बांधायचं सोडलं. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी भेग गेली होती. पाऊस तिथून आत शिरत होता आणि आतल्या रंगाने त्याला कोंडून ठेवलं होतं. त्यात कपाट भिंतीला चिकटून, वाऱ्याला वाट नाही. हवेतला दमट ओलावाही त्या गार भिंतीवर बसायचा, गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसा.

म्हणून सांगतो, बुरशी दिसली की पहिला प्रश्न "काय मारू?" हा नसावा. "पाणी कुठून येतंय?" हा असावा. भेग, गळका पाइप, टाकीखालची स्लॅब, न्हाणीघराची सामाईक भिंत, एसीचं तुंबलेलं पाणी, खोलीत दोरीवर वाळत घातलेले कपडे. बादलीभर कपड्यांतलं पाणी शेवटी खोलीच्या हवेतच जातं. ते तोडल्याशिवाय वरून रंग फासणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. आणि ॲलर्जीच्या बाबतीत बुरशी नुसती मारून भागत नाही. राखणदार मेलेल्या बीजाणूलाही ओळखतो. ती पुसून घराबाहेर गेली पाहिजे.

आम्ही आधी भिंत फवाऱ्याने ओली केली, म्हणजे पूड उडणार नाही. मग साबणाच्या पाण्याने फडक्यांनी पुसली, फडकी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकली. केरसुणी लावली नाही. ब्लीच वापरायचं असेल तर खिडक्या उघड्या ठेवून, आणि टॉयलेट क्लीनरबरोबर ते कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. फुगलेला रंग खरवडला तोही ओला करून. कापसाची ती गादी दिली टाकून. आजीला वाईट वाटलं, पण आत शिरलेली बुरशी धुऊन निघत नाही. कपाटाची पाठ बदलायला सुताराला सांगितलं. बाहेरच्या भेगा तात्पुरत्या बुजवल्या, झापं बांधली, आणि पक्का गिलावा भिंत पूर्ण वाळल्यावर उन्हाळ्यात करायचं ठरवलं.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांना मिळतं. मुलाने ते मागवलं. त्या खोलीत आकडा 88 होता. तो साठच्या खाली, जमलं तर पन्नासच्या आसपास असावा. भर पावसात खिडकी उघडून तो उतरत नाही, बाहेरची हवाच भिजलेली असते. चिऊ झोपते त्या एका खोलीपुरता ओलावा शोषणारा डीह्युमिडिफायर घेतला, दिवसाला बादलीत साठलेलं पाणी बघून आजी थक्क झाली. धूप आणि उदबत्ती देवघरात सुद्धा चिऊ असेपर्यंत बंद. धुराने बुरशी जात नाही, वास झाकला जातो, आणि दुखऱ्या श्वासनळीला तो धूर आणखी चिडवतो. आजी याला आधी तयार नव्हती. रात्रीची ती शिट्टी तिला आठवली, मग तिने स्वतःच उदबत्तीचा पुडा माळ्यावर ठेवला.

औषधाचं थोडक्यात. त्वचेवर टोचून करायच्या चाचणीने कुठली बुरशी त्रास देते ते कळतं. शिंकांसाठी गोळ्या, नाकात मारायचा फवारा आणि दम्यासाठी पंप, हे डॉक्टर ठरवतील. पंपाची सवय लागते ही समजूत खोटी आहे. पंपाचं औषध थेट श्वासनळीत जातं म्हणून अगदी थोडं पुरतं. आणि दमा आटोक्यात येत नसेल, खोकल्यातून तपकिरी घट्ट खडे पडत असतील, तर छातीच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. ॲस्परजिलसमुळे होणारा एबीपीए नावाचा आजार असतो. एक्स-रेवर तो क्षयासारखा दिसतो, आणि आपल्याकडे कित्येकांना आधी क्षयाची औषधं दिली जातात.

चतुर्थीच्या रात्री चिऊ माजघरात आजीजवळ झोपली. आरत्या झाल्या, मोदक झाले, पाहुणे गेले. रात्रभर मी दोनदा उठून कान लावला. शिट्टी नव्हती. सकाळी उठून तिने आधी बरणी बघितली. पाव पूर्ण काळा झाला होता. तिने मला विचारून ती झाकणासकट पिशवीत बांधली आणि बाबाकडे टाकायला दिली.

पश्चिमेच्या खोलीतलं कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे आहे. तुमच्या घरातही पश्चिमेची किंवा न्हाणीघराची भिंत असेल, तिला चिकटून एखादं कपाट असेल. या रविवारी ते पुढे ओढा, आणि मागच्या भिंतीवरून एकदा हात फिरवून बघा.